बाईच्या छातीत दुखतं तेव्हा आधी ईसीजी, मग पित्त

कण्हेर (धागाकर्ती)

मी एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. आमच्याकडे छातीत दुखणारा पुरुष येतो तेव्हा सोबत चार माणसं असतात आणि आत शिरतानाच 'ईसीजी काढा' म्हणतात. छातीत दुखणारी बाई येते ती बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी, घरातलं सगळं आवरून, आणि निदानही स्वतःच सांगते: पित्त झालंय, एक सुई द्या. सोबतचा नवरा किंवा मुलगा मान डोलावतो. वाईट याचं वाटतं की कधीकधी समोरचा डॉक्टरही मान डोलावतो. सुई दिली जाते, जरा बरं वाटतं, बाई घरी जाते. आणि हृदयाचा जो स्नायू त्या वेळी वाचला असता तो वाचत नाही.

आपल्या देशात बायका सर्वांत जास्त कशाने दगावतात? हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी. स्तनाच्या कर्करोगाची धास्ती असते आणि ती योग्यच आहे, पण हृदयाचं नाव बाईच्या बाबतीत कुणाच्या तोंडी पटकन येत नाही.

'बायकांच्या छातीत दुखतच नाही, त्यांची लक्षणं वेगळीच' असा एक मेसेज फिरत असतो. तो अर्धवट आहे. ५५ वर्षांपर्यंतच्या रुग्णांचा 'व्हर्गो' नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यातले अमेरिकेतल्या रुग्णांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ॲटॅक आलेल्या बायकांपैकी ८७ टक्के जणींना छातीत दुखणं, दाब किंवा आवळल्यासारखं होणं हे लक्षण होतंच. पुरुषांत हे प्रमाण जवळपास ९० टक्के, म्हणजे फरक नगण्य. फरक असा की बायकांना त्याच्या जोडीला इतर लक्षणं जास्त होती: मळमळ, धाप, जबडा, मान, पाठ, खांदा. ही इतर लक्षणं ऐकून मुख्य लक्षण मागे पडतं. ॲटॅकच्या आधीच डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांना त्यांनी विचारलं, तेव्हा ५३ टक्के बायका म्हणाल्या की डॉक्टरांना हे हृदयाचं वाटलं नव्हतं. पुरुषांत ३७ टक्के.

आमच्या भागातल्या बायका 'दुखतंय' हा शब्द फारसा वापरत नाहीत. 'दाटल्यागत होतंय', 'जीव घाबराघुबरा होतोय', 'भरून येतंय', 'हातापायातलं बळ गेलंय', 'पाठीतनं कळ पुढं येतीय' असं म्हणतात. 'छातीत दुखतं का?' विचारलं तर 'नाही' म्हणतात आणि ते खोटं नसतं. म्हणून घरच्यांनीही नेमकं विचारावं: चालताना, जिना चढताना, पाण्याची कळशी उचलताना होतं का आणि थांबलं की कमी होतं का? घाम फुटला का? आधी कधी असं झालं होतं का?

नियम साधा आहे. छातीत, जबड्यात, पाठीत नवीन त्रास होत असेल, दम लागत असेल, गार घाम येत असेल, तर दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून विषय संपत नाही. त्रास चालू असेल तर तो पुन्हा काढायचा आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं) ही रक्ताची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करायची. ट्रोपोनिनच्या नव्या चाचण्यांत स्त्रियांची मर्यादा वेगळी असते. एका प्रचलित चाचणीत पुरुषांसाठी ३४ आणि स्त्रियांसाठी १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. बाईचा २० आला आणि पुरुषांच्या मर्यादेशी ताडून 'नॉर्मल' लिहिलं, तर लहान ॲटॅक निसटतो.

ईसीजी कसा काढला जातो यावर कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तंत्रज्ञ पुरुष असतो, बाई संकोचून ब्लाऊज घट्ट धरून ठेवते, मग तो पदराखाली हात घालून अंदाजाने कप बसवतो. छातीवरचे सहा कप बरगड्या मोजून बसवायचे असतात. चौथा कप पाचव्या फटीत, म्हणजे बहुतेक बायकांत स्तन थोडा वर उचलून त्याच्या खाली येतो. अंदाजाने तो दोन बोटं वर बसला की आलेख बदलतो. कधी न झालेला जुना ॲटॅक दिसतो, कधी झालेला दडतो. आमच्याकडे मी सक्तीच केली आहे: पडदा ओढायचा, सिस्टर हजर पाहिजे, हूक काढून छाती मोकळी करायची, वर चादर द्यायची. बांगड्या काढायला लावू नका, वर सरकवल्या तरी चालतात. तुमच्या आईचा ईसीजी पदराखालून निघत असेल तर तिथल्या तिथे सिस्टरला बोलवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

अनुभव आणि प्रश्न दोन्ही येऊ देत. कुणाचीही औषधं मी इथे बदलणार नाही, हे आधीच सांगते.

सह्यकडा

लेख चांगला आहे, पण एक शंका. प्रत्येक पित्ताला ईसीजी काढायचा का? आमच्या घरात आठवड्यातून दोनदा कुणालातरी पित्त होतं. याने भीतीच वाढेल आणि दवाखान्यांचा धंदा.

कण्हेर

शंका रास्त आहे. छातीत जळजळणाऱ्या बहुतेकांना पित्तच असतं. वर्षानुवर्षं तोच त्रास, मिसळ खाल्ली की होणारा, आडवं झालं की वाढणारा, औषधाने जाणारा, अशांना दर वेळी ईसीजी नको. मी म्हणते ते नव्याने सुरू झालेल्या त्रासाबद्दल, श्रमाने येणाऱ्या त्रासाबद्दल आणि 'नेहमीसारखं पित्त नाही वाटत' असं बाई स्वतः म्हणते तेव्हाबद्दल. शिवाय वय चाळिशीच्या पुढे, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यातलं काही असेल तर थोड्या शंकेवरही ईसीजी काढा. मधुमेही बाईला तर वेदना कमी जाणवू शकते, नुसती धाप आणि घाम इतकंच.

आणखी एक गोष्ट. सुईने किंवा अँटासिडने बरं वाटलं म्हणजे पित्तच होतं, असं सिद्ध होत नाही. हृदयाची कळसुद्धा येते आणि आपोआप ओसरते.

पागोळी

डॉक्टर, माझं वय ३८. दोन्ही बाळंतपणांत बीपी वाढलं होतं, दुसऱ्या वेळी लघवीतून प्रथिनं जात होती आणि चौतिसाव्या आठवड्यात सिझर झालं. नंतर सगळं नॉर्मल झालं म्हणून त्या फायली माळ्यावर टाकल्या. याचा हृदयाशी काही संबंध आहे का?

कण्हेर

पागोळी, आहे, आणि हे तुम्हाला डिस्चार्ज देतानाच सांगायला हवं होतं. तुम्ही सांगताय त्याला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. ज्यांना तो झाला त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. गरोदरपणातला मधुमेह, मुदतपूर्व प्रसूती, चाळिशीच्या आत पाळी जाणं, पीसीओएस (अंडाशयाचा हॉर्मोनचा विकार), रूमॅटॉइड संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) ही सगळी याच रांगेतली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत गरोदरपणातल्या गुंतागुंती हृदयविकाराच्या धोक्यांत घातल्या. आपल्याकडे मात्र आजही हृदयाचा डॉक्टर बाळंतपणाबद्दल विचारत नाही आणि बाळंतपणाचा डॉक्टर हृदयाबद्दल सांगत नाही.

माळ्यावरची फाईल खाली काढा. दर वर्षी रक्तदाब, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉलचा संपूर्ण तक्ता. कंबर मोजा, बेंबीच्या पातळीवर, कपड्यावरून नाही. आपल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही रेघ आहे. वजनकाटा ठीक दाखवत असला तरी कंबर खरं सांगते. आणि पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरने 'आधीचा काही आजार?' विचारलं की बाळंतपणातलं बीपी न विचारता सांगा.

भीमथडी

माझी आई मिशरी लावते. सकाळी, जेवणानंतर, दुपारी, झोपताना. तिला मी म्हटलं हृदयाला वाईट, तर म्हणते मी काय विडी ओढते का? मी काय उत्तर देऊ?

कण्हेर

भीमथडी, मिशरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखू. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. धूर नाही म्हणून हृदय सुटत नाही. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांतही ॲटॅकचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं.

आईंना ओरडून काही होणार नाही. बऱ्याच जणींना मिशरी लावल्याशिवाय शौचाला होत नाही, सोडली की डोकं दुखतं, चिडचिड होते. ते निकोटीन सुटल्याचं लक्षण आहे, काही आठवड्यांत ओसरतं. आधी झोपतानाची बंद करा, मग दुपारची. सकाळची सर्वांत शेवटी. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं का ते चौकशी करा. आणि त्या अजून चुलीवर करत असतील तर तो धूरही हृदयाला लागतो. गॅस घरात आहे पण भाकरी चुलीवरच, असं अनेक घरांत चालतं.

निशिगंध

मला सांगायचंय ते वेगळं आहे. चढ चढताना छाती आवळायची, थांबलं की कमी व्हायचं. तपासण्या झाल्या, अँजिओग्राफी झाली. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात रिपोर्ट हातात देऊन म्हणाले, नळ्या स्वच्छ आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही, मन रमवा. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्रास मात्र तसाच. मग प्रत्येक वेळी दुखलं की आधी मलाच स्वतःवर शंका यायला लागली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं) सांगितला, गोळ्या सुरू केल्या, आता बरीच बरी आहे. आता टेकडी चढते, थांबत थांबत. पण ती मधली वर्षं माझी फुकट गेली, याचा राग अजून जात नाही.

कण्हेर

निशिगंध, राग जायला नकोच. हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

अँजिओग्राफीत हृदयावरच्या मोठ्या धमन्या दिसतात. स्नायूच्या आत शिरणाऱ्या बारीक वाहिन्या त्यात दिसतच नाहीत. त्या नीट पसरत नसतील तर श्रमाच्या वेळी रक्त कमी पडतं आणि खराखुरा अँजायना होतो. अमेरिकेत १९९६ मध्ये 'वाइज' नावाचा बायकांवरचाच अभ्यास सुरू झाला. त्यातून कळलं की धमन्यांत मोठा अडथळा नसलेल्या पण छातीत दुखत राहणाऱ्या बायकांना पुढे ॲटॅकसारख्या घटना अपेक्षेपेक्षा जास्त होतात. म्हणजे 'नळ्या स्वच्छ' हा शेवट नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांचे उपचार कसोशीने करायचे, अँजायनाच्या गोळ्या बसवायच्या, चालणं हळूहळू वाढवायचं. अँजिओग्राफीच्या टेबलावरच या बारीक वाहिन्यांची क्षमता मोजता येते, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

अबोली_ठाणे

माझ्या धाकट्या बहिणीला बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ॲटॅक आला. वय पस्तिशीच्या आत. ना साखर, ना बीपी, ना तंबाखू. बाळाला पाजताना छातीत कळ आली. घरी म्हणाले, वारा धरला असेल, शेक दे. तिच्या सासूबाईंनीच हट्ट धरला आणि रिक्षाने नेलं, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. धमनीचा आतला पदर फाटला होता. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला नाही, औषधांवर ठेवलं. आम्ही घाबरलो होतो की पैसे नाहीत म्हणून टाकत नाहीत की काय!

कण्हेर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

याला 'स्कॅड' म्हणतात. धमनीच्या भिंतीचे थर सुटतात, मधे रक्त साचतं आणि वाट बंद होते. चरबीच्या गाठीशी याचा संबंध नसतो, म्हणून कोलेस्टेरॉल चांगलं असलेल्या तरण्या बायकांतही होतं. रुग्णांत बहुसंख्य बायकाच, आणि गरोदरपणात व बाळंतपणानंतर येणाऱ्या ॲटॅकचं हे महत्त्वाचं कारण. स्टेंट टाकला नाही तो विचारपूर्वकच. रक्तप्रवाह चालू असेल आणि रुग्ण स्थिर असेल तर फाटलेला पदर बहुतेक वेळा आपोआप भरून येतो, उलट तार किंवा फुगा घातला तर तो आणखी फाटू शकतो. पुढच्या गरोदरपणाबद्दल मात्र हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय काही ठरवू नये.

बाळंतिणीची छाती दुखली, दम लागला, तर 'वारा' म्हणण्याआधी दवाखाना. फुफ्फुसात गुठळी जाणं आणि हृदयाचा स्नायू दुबळा होणं हेही याच काळात होतं.

वासुदेव_मास्तर

बायकोला (६१) चालताना दम लागतो. हिमोग्लोबिन ८ आलं, म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. टीएमटी (पट्ट्यावर चालवून ईसीजी बघायची तपासणी) करायला सांगितली होती पण गुडघ्यांमुळे पट्ट्यावर धावता येत नाही. काय करावं?

कण्हेर

मास्तर, हिमोग्लोबिन ८ ने दम लागू शकतो, खरं आहे. पण आपल्याकडे इतक्या बायकांचं रक्त कमी असतं की दम लागला की सगळं खापर त्याच्यावर फुटतं. दोन्ही एकत्र असू शकतं. धमनी अरुंद असेल तर रक्तक्षयाने अँजायना वाढतोच. शिवाय ६१ व्या वर्षी, पाळी गेल्यावर, रक्त कमी का झालं हे शोधलंच पाहिजे. नुसत्या गोळ्यांवर सोडू नका.

टीएमटीबद्दल: बायकांत ती पुरुषांपेक्षा जास्त वेळा चुकीची 'पॉझिटिव्ह' येते, आणि गुडघ्यांमुळे पुरेशी धावलीच नाही तर 'निगेटिव्ह'लाही अर्थ उरत नाही. औषध देऊन केलेली स्ट्रेस इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओ (धमन्यांचा सीटी स्कॅन) असे पर्याय आहेत. सीटीआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात. 'पट्ट्यावर धावता येत नाही, दुसरं काय करता येईल?' एवढं विचारा, तज्ज्ञ ठरवतील.

तिरंगी_मुनिया

मी न्यू जर्सीत असते. पाळी जाण्याच्या काळातल्या वाफा फार त्रास देतात, हॉर्मोन घ्यायचा विचार आहे. भारतातली एक मैत्रीण म्हणते, घे, हृदयालाही चांगलं. आणि आई रोज 'रक्त पातळ राहावं' म्हणून ॲस्पिरिन घेते, तिला कुणी लिहून दिलेली नाही.

कण्हेर

हृदयासाठी म्हणून हॉर्मोन घेऊ नये. पूर्वी तसा समज होता. २००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हॉर्मोनांचा भाग थांबवावा लागला, कारण १६,००० हून जास्त बायकांत हृदयविकार कमी व्हायच्या ऐवजी थोडे वाढले होते. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं हेही लक्षात घ्या. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना, वाफांचा त्रास असह्य असेल तर त्या त्रासासाठी घेणं ही वेगळी गोष्ट. तुमच्या डॉक्टरांना तुमचा रक्तदाब, गुठळ्यांचा आणि स्तनांचा इतिहास सांगून ठरवा.

आईंना आधी ॲटॅक किंवा स्टेंट नसेल तर मनाने ॲस्पिरिन नको. सुमारे ४०,००० निरोगी बायकांवर दहा वर्षं चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००५ मध्ये आला: पहिला ॲटॅक एकूण काही कमी झाला नाही, पोटातला रक्तस्राव मात्र वाढला. ६५ च्या वरच्यांत थोडा फायदा दिसला, पण रक्तस्रावही त्याच वयात जास्त. आणि ज्यांना ॲटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे, त्यांनी हे वाचून स्वतःची गोळी अजिबात बंद करू नये! बंद केलेल्या गोळीमुळे स्टेंट बुजलेले रुग्ण येतात.

सह्यकडा

खर्चाचं काय? आणि घरी ॲटॅक वाटला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

कण्हेर

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडणं) बसते. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. बिलात स्टेंटची किंमत आणि कंपनी वेगळी लिहून मागा.

घरी: १०८ ला फोन. रुग्णाला चालवू नका, जिना उतरवू नका, दुचाकीवर मधे बसवून आणू नका. ॲलर्जी नसेल, रक्तस्राव होत नसेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची ॲस्पिरिन चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी अँजायनाची गोळी) शेजाऱ्याकडून मागून देऊ नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घातक ठरते. जिथे ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी न्या. दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल तर ते इंजेक्शन तिथेच देऊन पुढे पाठवणं योग्य. 'आधी मुंबईला नेऊ' म्हणत चार तास गाडीत घालवू नका.

पागोळी

अजून एक. माझ्या जाऊबाईंची अँजिओप्लास्टी झाली. तिसऱ्या दिवशी घरी आल्या आणि दुसऱ्या सकाळी ओट्यापाशी उभ्या. कुणी सांगितलं नाही, त्यांनाच बसवेना. दिरांच्या वेळी मात्र महिनाभर खाटेवर चहा.

कण्हेर

हे मी रोज बघते. डिस्चार्जच्या वेळी मी आता बाईला सांगत नाही, नवऱ्याला आणि सुनेला समोर बसवून सांगते. मनगटातून केली असेल तर त्या हाताने काही दिवस कुकर, बादली, घागर उचलायची नाही. चालणं मात्र रोज, आधी घरातल्या घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर, वाढवत न्यायचं. व्यायामाचा पुनर्वसन कार्यक्रम असेल तर बायकांना तिथे पाठवतच नाहीत, 'घरकाम होतंच की' म्हणतात. धुणीभांडी म्हणजे तो व्यायाम नव्हे. आणि गोळ्या: स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) बायकांतही तितकीच काम करते, पण पैसे कमी पडले की आधी बाईची गोळी बंद होते. जाऊबाईंच्या डब्यात गोळ्या शिल्लक तर राहत नाहीत ना, बघा.

निशिगंध

डॉक्टर, फाईलमध्ये नेमकं काय ठेवायचं? माझे जुने ईसीजी पांढरेफटक पडलेत.

कण्हेर

तो उष्णतेने उमटणारा कागद असतो, उन्हात आणि प्लास्टिकच्या फाईलमध्ये शाई उडते. ईसीजी निघाला की लगेच मोबाइलमध्ये फोटो काढा आणि झेरॉक्स करून ठेवा, तारीख, वेळ आणि त्या वेळी दुखत होतं की नाही हे वर लिहून. त्रास नसतानाचा एक ईसीजी जपून ठेवाच. मध्यरात्री अनोळखी दवाखान्यात गेलात तर नवीन बदल कुठला आणि जुना कुठला हे त्यावरूनच कळतं. त्याच्यासोबत अँजिओग्राफीची सीडी, शेवटचा इको, गोळ्यांची डोससकट यादी आणि बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड. पागोळी, हे शेवटचं तुमच्यासाठी.